रेवणप्पाच्या मोटारीचे चार कागद

मंगळवार पेठेत घोंगड्यांचं दुकान चालवणाऱ्या रेवणप्पानं एकोणतीस साली मोटार घेतली, तेव्हा याचं डोकं फिरलं असं पेठेतल्या लोकांना वाटलं. रेवणप्पालाही तसंच वाटत होतं, पण तोवर मोटार दारात येऊन उभी राहिली होती. एका गिरणीतला गोरा इंजिनियर विलायतेला परत निघाला होता, त्याची ही जुनी फोर्ड. तिच्यात माणसं बसवून अक्कलकोटपर्यंत फेऱ्या मारायच्या, असा बेत होता.

मोटार चालवणं त्याला महिन्याभरात जमलं. खरी धास्ती होती ती कागदाची. मोटार त्याच्या मालकीची आहे हे सांगणारा एकच कागद, तोही इंग्रजी टायपातला, खाली साहेबाची सही आणि शिक्का. रेवणप्पाला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. दुकानातल्या घोंगड्यांना कसर लागायची आणि कागदांना वाळवी. आदल्याच वर्षी जागेचा करारनामा उंदरांनी फस्त केला होता.

"ह्याच्या नकला करून घेतो आन चार गावात ठिवतो," तो बायकोला म्हणाला. "एक गेला तर दुसरा."

"आन चारी गेले तर?" जगदेवीनं भाकरी थापता थापता विचारलं.

"चार गावचे उंदीर ठरवून एका दिवशी येत न्हाईत."

हे बोलताना आपण भलतेच शहाणे आहोत असं त्याला वाटलं होतं. पुढं हेच वाक्य तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि स्वतःच्या टाळूवर टपली मारून घ्यायचा.

कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टानं तीन नकला करून दिल्या. प्रत्येकीवर खरी नक्कल म्हणून शिक्का बसला, सहीही झाली. रेवणप्पानं चारी कागद एका फडक्यात बांधून आणले आणि सकाळी उघडून बघतो तर सगळे सारखे. शिक्का सगळ्यांवर, सही सगळ्यांवर; कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखी. विचारायला जावं तर टायपिस्ट हसणार. मग त्यानं स्वतःच अक्कल चालवली. अस्सल कागद म्हणजे मानाचा कागद, तो कोराकरकरीत असणार. सगळ्यांत कडक कागद त्यानं घरच्या पेटीत ठेवला. अस्सल कागद आठ दिवस आपल्याच खिशात चुरगळत होता, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

उरलेल्यांतला एक वैरागला मेहुण्याकडे, सिद्धाप्पाकडे गेला. एक कुर्डुवाडीत आबासाहेबांकडे. त्यांचं स्टेशनाबाहेर किराणा दुकान होतं आणि ते रेवणप्पाचे जुने स्नेही. चौथा, चुरगळलेला, अक्कलकोटजवळच्या खेड्यात थोरल्या बहिणीकडे, गुरम्माकडे.

दीड वर्ष बरं गेलं. मग पोलीस कचेरीतून बोलावणं आलं: परवाना नव्यानं करायचा आहे, मोटारीचा कागद आणावा. रेवणप्पा डोक्याला नवा रुमाल गुंडाळून गेला. कारकुनानं कागद उलटसुलट पाहिला.

"ही नक्कल आहे. अस्सल कुठं आहे?"

"सायेब, ह्योच अस्सल. बगा की, कसा कडक हाय."

"कडक पापड असतो," कारकून म्हणाला. "आठ दिवसांत अस्सल आणा. तोवर मोटार रस्त्यावर दिसता कामा नये."

म्हणून मोटारीचा मालक दुसऱ्याच्या मोटारीत, मागच्या बाकावर, मांडीवर कुणाचं तरी कोंबड्यांचं डालगं घेऊन वैरागला निघाला. सिद्धाप्पानं चहा दिला, पण कागद देईना.

"दाजी, कागद लग्न झाल्यावर न्या. पोरीच्या सासरच्यांना दावलाय मी. मोटारीत माजा चौथा हिस्सा हाय, आसं सांगितलंय."

"हिस्सा कसला? जपून ठिवायला दिलता."

"मंग चौगांना चार कागद का दिले? मला वाटलं, तुमी वाटणी केली."

एवढी सरळ शंका आपल्याला का आली नाही, याचंच रेवणप्पाला नवल वाटलं. शेवटी त्यानं कागद नुसता बघायला मागितला, शाळेतल्या मास्तरांना दाखवला. नक्कल निघाली. त्यानं ती मेहुण्याला परत दिली आणि लग्नाला मोटार आणायचं कबूल करून बसला.

कुर्डुवाडीला तो आगगाडीनं गेला. आबासाहेबांनी कागद काचेच्या चौकटीत घालून गल्ल्यामागं टांगला होता. त्यांना थोडं इंग्रजी यायचं.

"ही नक्कलच आहे रेवणप्पा, इथं लिहिलंय की," ते म्हणाले. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मंग बोलला का न्हाई?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

सातव्या दिवशी तो बहिणीच्या गावी पोचला. गुरम्मानं काही न विचारता देवळीतून एक डबा काढला. आत कडुनिंबाचा पाला, त्याखाली धुवट खणात गुंडाळलेला कागद. चुरगळ्या तिनं हातानं दाबून दाबून सपाट केल्या होत्या. दर अमावास्येला पाला बदलायची, म्हणाली.

"अक्का, हा कसला कागद, ठाव हाय तुला?"

"न्हाई बा. तू जप म्हनलास, जपला."

तिच्या गावावरून रेवणप्पा आठवड्यातून दोनदा मोटार हाकत जायचा, पण तिला एकदाही बसवलं नव्हतं. फुकटचं माणूस बसलं तर जागा अडते, असा त्याचा हिशोब.

आठव्या दिवशी कारकुनानं कागद बघितला, मान हलवली आणि परवाना दिला. कागदाला कडुनिंबाचा वास का येतो, तेवढं मात्र विचारलं.

पुढच्या सोमवारच्या फेरीत, मागं तीन उतारू बसवून, रेवणप्पा बहिणीला मोटारीतून आपल्या घरी न्यायला गेला. इरकली नेसून, शेजारणींचा निरोप घेऊन ती पुढं बसली. मैलभर गेल्यावर तिला मळमळायला लागलं. ती उतरली, बांधावर बसून पाणी प्याली आणि धाकट्या भावाला म्हणाली, "तम्मा, तू हो पुढं. मी चालत जाते घरी."

रेवणप्पा तिच्याबरोबर मागं चालत आला. मोटार तिथंच वाटेत उभी राहिली आणि आतले तीन उतारू त्याच्या नावानं बोटं मोडत बसले.