आमच्या बागेतला बेल

लातूरला हे घर घेतलं ते मागच्या बागेसाठी. पण सामान लावण्यात आठवडा गेला आणि बागेत पाऊल टाकायलाही सवड झाली नाही. सोमवारी सकाळी चहाचा कप घेऊन मागचं दार उघडलं, तर बेलाच्या झाडाखाली गल्लीतल्या पाच-सहा बाया परड्या घेऊन उभ्या. त्यांनी मलाच विचारलं, "कोन पायजे तुमाला?"

मी म्हणालो, "मी घरमालक."

"बरं," म्हणून त्या परत पानं तोडायला लागल्या. लिंगपूजेचा बेल इथूनच न्यायचा, हा गल्लीचा जुना रिवाज. घर विकणाऱ्यानं तेवढंच सांगितलं नव्हतं.

मी फाटकाला कुलूप ठोकलं. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीवरून आल्या, आणि शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना भिंत चढायला लावली म्हणून अख्खी गल्ली माझ्याशी बोलेना. कुलूप निमूट काढलं.

पुढच्या सोमवारी बायकोला पूजेसाठी बेल हवा होता. बागेत गेलो, तर हात पोचेल तिथवर झाड बोडकं. मावशींनी आपल्या परडीतली तीन पानं माझ्या हातावर ठेवली.

"घ्या की, लाजू नका. पन सोमवारचं जरा लवकर उठत जावा."