सिस्टर धरणावर परत जाते का?

आमच्या कंपनीच्या बसमध्ये बायकांना नावं नव्हती, स्टॉप होते. मी चिखली. माझ्या शेजारी बसायची ती मोशी, तिथल्या जुन्या शेतकरी घरातली, वयानं सगळ्यांत मोठी. आणि मागं खिडकीला डोकं टेकून गप्प बसायची ती रहाटणी. चाकणला गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायच्या कामाला आम्ही सगळ्या. शिफ्टभर उभं राहून टेप गुंडाळायचा, तोंड उघडलं की सुपरवायझर हजर. म्हणून जे काय बोलायचं ते बसमध्ये बोलून घ्यायचं.

आणि बोलायची मी. माझ्या तोंडाला हाड नाही असं माझी आई परभणीत म्हणायची, ते खरंच आहे.

एक मालिका होती परदेशातली, हिंदीत डब केलेली. जगाची पार वाट लागलीय, वीज नाही, सरकार नाही, नद्या आटल्यात, आणि उरलीसुरली माणसं एका धरणाच्या भिंतीआड राहतायत. लेकानं मला टीव्हीला लावून दिली होती. नवा भाग बुधवारी यायचा, गुरुवारी कंपनीला सुट्टी, तेव्हा मी भाजी निवडत बघायची आणि शुक्रवारी बसमध्ये सांगायची. बाकी कुणी ती मालिका डोळ्यांनी बघितली नव्हती, तरी सगळ्या तिच्यासाठी वेड्या. मोशी चढल्याशिवाय मी सुरुवात करायची नाही. मग पुलावर ट्रॅफिकमध्ये बस अडकली की बायकांना बरंच वाटायचं. मी पदरचं तिखटमीठही लावायची, खोटं कशाला बोलू?

त्यातल्या माणसांची नावं आमच्या जिभेवर बसेनात. म्हणून धरणाचा जो मुखिया, तो झाला दाढीवाला, आणि त्याची बायको नर्स होती, ती झाली सिस्टर. दाढीवाला ऐकलं नाही की माणसाचा हात मोडायचा, घराचं पाणी बंद करायचा. पण दुष्काळात स्वतःच्या वाट्याचं पाणी दुसऱ्यांच्या लेकरांना द्यायचा, स्वतः सगळ्यांत शेवटी प्यायचा. सिस्टर त्याचा मार खाऊन एक दिवस पळाली. पळताना दवाखान्यातली औषधं चोरली, त्यापायी एक म्हातारा मेला. आणि आपलं झोपलेलं पोरगं तिथंच ठेवून गेली, कारण बाहेर वाळवंट, पोराला पाजायला काय होतं तिच्याकडं?

अहो, काय भांडणं व्हायची! अर्धी बस दाढीवाल्याची, अर्धी सिस्टरची. ड्रायव्हरसुद्धा आरशातून मत द्यायचा. मोशी दाढीवाल्याच्या बाजूची. "मारतोय तो, व्हय. पर पाणी कोन देतंय? माणूस कधी निस्ता काळा न्हाईतर निस्ता पांढरा असतोय का गं?" असं म्हणून ती मान हलवायची, आणि आम्हाला पटायचं. पण सिस्टरचा विषय निघाला की हीच मोशी कडाडायची. "पोटचं पोर झोपल्यालं टाकून गेली! आई न्हाई ती, कैदाशीण हाय!" मग बसभर हा हा म्हणता आग लागायची. मी तर सिस्टरचं पळणं असं रंगवून सांगायची, की ज्या तिच्या बाजूच्या त्याही तिला शिव्या द्यायच्या. मला मोठी मजा वाटायची.

एकदा कंपनीच्या गेटवर उतरताना मागून कुणीतरी माझा दंड धरला. रहाटणी होती. तिचा आवाज मी नीट पहिल्यांदाच ऐकला.

"ताई, सिस्टर परत जाते का धरणावर?"

"गुरुवारी कळेल की बाई."

"मी बघायला येऊ का तुमच्याकडं? तुम्ही सांगताना बदलता."

मला आधी रागच आला. एवढ्या बायका तोंडात बोट घालून ऐकतात, आणि ही शहाणी चूक काढतेय! पण तिचा हात दंडावरून सुटेना, आणि तो गार पडला होता. ये म्हणाले.

गुरुवारी ती आली ती मोठी बॅग घेऊन. मी दारातच विचारलं, "गावाला निघालीस का काय?"

"आळंदीला. सासरी," ती म्हणाली, आणि चपला काढायच्या आधीच तिला रडू फुटलं.

तिच्या नवऱ्याकडचं माळांचं, प्रसादाचं दुकान आळंदीत. दुकान सासू बघायची, नवरा एका कंपनीत. मारायचा. पट्ट्यानं, हातात येईल त्यानं. चौकीत गेली, तर सासूनंच सांगितलं, मोरीत पडली ती, माझ्या लेकानं बोटसुद्धा लावलं नाही. शेवटी एके दिवशी ही फर्स्ट शिफ्टला आली ती परत घरी गेलीच नाही, रहाटणीत बहिणीकडं राहिली. चार वर्षांची मुलगी तेव्हा आजीच्या कुशीत झोपली होती. आता नवऱ्यानं निरोप धाडला होता, रविवारच्या आत ये, नाहीतर पोरगी लांब बहिणीच्या गावाला पाठवतो, मग बस शोधत.

"आणि तू चाललीस?"

"दर शुक्रवारी मी खिडकीला डोकं लावून ऐकते, ताई. आई नाही ती, कैदाशीण आहे. सगळी बस मलाच बोलतेय असं वाटतं."

मी टीव्ही लावला.

तो भाग मी बघितलाच नाही, मी तिच्याकडं बघत बसले. सिस्टर धरणाच्या दाराशी येते. दाढीवाला स्वतः दार उघडतो, खांद्यावर पोरगं. पोराचे गाल वर आलेत, अंगात धड कपडे आहेत. चांगलं सांभाळलंय त्यानं. तो म्हणतो, आत ये, तुझी जागा तशीच आहे. ती पोराच्या डोक्यावरून हात फिरवते, बराच वेळ फिरवते, आणि मागं वळून चालायला लागते. पोरगं ओरडत राहतं. ती थांबत नाही.

मी मनात म्हटलं, सुटलो बाई, आता ही जायची नाही. पण तिनं डोळे पुसले आणि बॅग उचलली.

"आमचाही असाच आहे. पोरीला फुलासारखा जपतो, मलाच मारतो. सिस्टरला जमलं ते मला जमायचं नाही, ताई. मी जाते."

माझं डोकं सणकलं. "मर मग!" म्हणाले मी, आणि पुढच्याच मिनिटाला पायात चपला घालून तिच्या मागं निघाले. एकटी कशी सोडू? आणि खोटं बोलणाऱ्या त्या सासूला चार शब्द सुनावल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. नवऱ्याच्या कंपनीला सुट्टी रविवारची, म्हणजे तो कामावर असणार, एवढाच काय तो धीर. रिक्षात ती बॅग मांडीवर घेऊन बसली होती. मी सारखी म्हणत होते, अजून फिर मागं. ती ऐकतच नव्हती.

दुकान रस्त्यालाच. तुळशीच्या माळा, बत्तासे, बुक्का. समोर पखवाज दुरुस्तीवाला बसलेला, पलीकडं विद्यार्थ्यांचा घोळका. सासू वाळकी, नाकात मोरणी, माळा ओवत होती, आणि तिच्या पाठीशी ती चिमुरडी बत्ताशांच्या पाकिटाशी खेळत होती. आईला बघून पोर पळत आली नाही. जागच्या जागी उभी राहून नुसती बघत राहिली, आणि ते मला बघवेना.

सासूची नजर बॅगेवर गेली. "ऱ्हायाला आलीस?"

"हो," रहाटणी म्हणाली.

मी पदर खोचून तोंड उघडणार, तेवढ्यात म्हातारी खाली मान घालून, ओवता ओवता, अगदी हळू बोलली. "येडी का खुळी गं तू? ह्याच्या बापासंगं मी जलम काढला हितं. तुला बी तसाच काढायचाय?"

रहाटणीनं बॅग खाली ठेवली.

"काल ह्या पोरीनं माझ्यावर हात उगारला. भात दिला न्हाई म्हणून. आक्षी त्याच्यावानी. डोळं बी तसंच केलं." तिनं दोऱ्याला गाठ मारली. "उचल तिला आन् नीघ. पर आदी भांडान करा. तो समोरचा माझ्या लेकाचा दोस्त हाय. मी दिली असं कळलं तर माझा ल्योक मला जित्ती ठिवायचा न्हाई. दिसभर सगळ्या आळीनं म्हनाया पायजे की म्हातारीच्या हातनं हिसकून न्हेली."

रहाटणीला काही सुचेना. शिवी तर तिच्या बापजन्मी तोंडातून निघाली नसेल. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. "तुमी द्या. तुमचं त्वांड चालतं असं वाटतंय."

जिला शिव्या घालायला मी एवढ्या लांबून आले होते, तिनंच मागितल्यावर माझी जीभ उचलेना! तिनं दात ओठ खाऊन म्हटलं, "द्या की वो!" आणि मग मी सुरू झाले. "म्हातारडे! सटवे! आईपासनं लेकरू तोडलंस, तुझं वाटोळं होईल! तोंडात किडे पडतील तुझ्या!"

"ए भवाने, नीघ हितनं!" ती माझ्याहून वर. "पोरीला हात लावशील तर तंगडं मोडीन!" आणि लगेच खालच्या आवाजात, पोरीच्या पायात सँडल चढवत, "राती खोकती ती. बाटली तुझ्या बॅगंत टाकलीय. चमचाभर दे." पुन्हा वर, "कुनी हाय का रं! बघा रं ह्या बाया!"

मी ओरडत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. समोरचा उठला, पोरं जमली. म्हातारीनं स्वतःच्याच हातानं माळांची पेटी रस्त्यावर उलथली, मणी सगळीकडं पळाले, आणि लोक मण्यांकडं बघत राहिले. तेवढ्यात तिनं पोरीला असा काही हिसडा दिला, की ती थेट आईच्या अंगावर जाऊन पडली. आम्ही रिक्षात बसलो. मागून तिचा आवाज येतच होता, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता.

पोरगी मोशीचा स्टॉप येईपर्यंत रडली, मग आईच्या कुशीत झोपली. रहाटणीनं मला विचारलं, "ताई, तिला काही होणार नाही ना?" मी पोरीच्या अंगावर पदर टाकला. संध्याकाळी नवरा रहाटणीतल्या तिच्या बहिणीच्या दारात येऊन शिवीगाळ करून गेला. पण ह्या दोघी माझ्या घरी होत्या, आणि माझ्या घराचा पत्ता त्याला कुठं माहीत होता! त्या शिव्यांवरून स्वतःच्या आईवर त्याचा संशय नाही एवढं कळलं, तेव्हा आम्हाला घास गोड लागला.

ती म्हातारी आता राहिली नाही. गेल्या हिवाळ्यात गेली, शेवटपर्यंत त्याच दुकानात बसायची. रहाटणीला मुलगी कायमची मिळाली, ती आता शाळेत जाते. म्हणून आज हे लिहायला हरकत नाही. तेव्हा एक शब्द काढायची सोय नव्हती. आमच्या बसमध्येच आळंदीच्या माहेरवाशिणी होत्या, आणि इथून गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत त्या आळीत पोचली असती.

शुक्रवारी मोशी चढली आणि नेहमीसारखी हाक आली, "हं, चिखली, सांग. सिस्टर गेली का परत?" मी म्हटलं, सिस्टरचं मरू दे, हिचं ऐका. काहीतरी सांगणं भागच होतं. पोर अंगावर आदळताना रहाटणीच्या मानेवर ओरखडा उठला होता, आणि बोंब तर आधीच पसरली होती. मी सांगितलं, कशी आम्ही पोर आणायला गेलो, म्हातारीनं कशी पोर धरून ठेवली, कशी हिसकून आणली. जन्मात सांगितलं नसेल इतकं झकास सांगितलं. बस पुलावर उभी होती आणि कुणी खिडकीबाहेर बघत नव्हतं.

आणि मग सगळ्या पेटल्या. रहाटणीला जवळ घेतलं, डबे उघडून खाऊ घातलं, पोरीला फ्रॉक आणायचं ठरलं. सासूला तर कुणी सोडलं नाही. "बाईच्या जातीला कलंक," एक म्हणाली. मोशी तर सीटवरून उठलीच. "लेकराच्या आईला उंबऱ्याभाईर काढती! असल्या थेरडीला पाणी सुदिक मिळू नये मरताना!"

रहाटणी मागच्या सीटवर ओठ घट्ट मिटून बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. आता ही बोलते, असं मला वाटलं. ती बोलली नाही.

"का गं चिखली?" मोशीनं मला ढोसलं. "तू का गप? तू तर तिला समोरासमोर बघितलीस. कशी व्हती?"

सगळी बस माझ्याकडं बघत होती, आणि गप्प राहून भागणार नव्हतं. म्हणून मी पुन्हा सुरू झाले, कैदाशीण, सटवी, हडळ, आदल्या दिवशीच्या सगळ्या शिव्या परत एकदा. पण त्या दिवशी उलट ओरडायला ती समोर नव्हती.