बाजीरावांच्या बँडचा शेवटचा कार्यक्रम

भोरच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या बाजीरावांना कुणी विचारलं, कॉलेजात तुमचा इंग्रजी गाण्यांचा बँड होता म्हणे, तो मोडला कसा, तर ते सांगतात, नोकऱ्या लागल्या, पांगलो. साफ खोटं! नोकऱ्या लागल्या दोन वर्षांनी. बँड मोडला एकाहत्तर सालच्या जत्रेत, आणि मोडला तो ह्याच गृहस्थानं.

पुण्यात तिघं एका खोलीत राहायचे. किकवीचा ज्ञानू गायचा, बाजीराव गिटार खाजवायचा आणि आनंदराव ड्रम वाजवायचा. खरं तर बँड होता तो आनंदरावामुळंच. बाजीरावाचे सूर चार, केस मात्र मानेपर्यंत. आनंदराव त्याच्याच गावचा, आंबवड्याच्या बाजूचा. छप्पन साली धम्मदीक्षा झाली तशी आनंदरावाच्या वडलांनी, रखमाजींनी, घरातली हलगी नीरेत सोडून दिली. पालखीपुढं, वरातीपुढं, मयतापुढं पिढ्यान्‌पिढ्या वाजवायचं, ते त्या दिवसापासून बंद. गावानं वर्षभर कामाला बोलावलं नाही, पण रखमाजी काही वाकले नाहीत.

बाजीरावाचे वडील रामभाऊ जत्रेचे कारभारी. त्यांनीच पोरांचा कार्यक्रम ठरवला. पुण्याहून भाड्याचे ड्रम आणायचं काम बाजीरावाकडं होतं. कंडक्टर म्हणाला, टपावर जागा नाही, पुढच्या गाडीनं या. हा शहाणा थांबतोय कशाला? गिटार गळ्यात अडकवून गावात उतरायची घाई झालेली. ड्रम स्टँडवरच्या चहावाल्याच्या भरवशावर टाकले आणि हा आला निघून.

संध्याकाळी माणसं जमली. पोरगं पुण्यात काय शिकलं ते बघायला रखमाजी धुतलेला सदरा घालून, बायको चंद्राबाईंना घेऊन आले होते. इकडं ड्रमचा पत्ता नाही. बाजीराव पळत शेजारच्या गावात गेला आणि हलगी मागून घेऊन आला.

आनंदरावानं हात मागं घेतले. म्हणाला, "बाजी, हे सोडून काय पण सांग."

मग बाजीरावानं पुण्यात शिकलेलं सगळं शहाणपण पाजळलं. कलेला जात नसते, वाद्य ते वाद्य, आणि मित्र असशील तर गावासमोर माझी अब्रू घालवू नकोस. बिचाऱ्यानं शेवटी हलगी घेतली.

काय वाजवली हो! अख्खं गाव डोलायला लागलं. दुसऱ्या गाण्याला रखमाजी उठले आणि चंद्राबाईंसह घरी गेले. कार्यक्रम संपल्यावर रामभाऊ मंचावर चढून म्हणाले, "रगतातच हाय त्येंच्या. आनंदा, उद्या पालखीपुढं तूच रं."

लोक हसले. आनंदरावानं बाजीरावाकडं पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. पण वडलांसमोर ह्याची कसली टाप! दात काढून म्हणाला, "वाजवंल की."

रात्रभर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी तो आनंदरावाच्या घरी गेला. आनंदराव पहिल्या एसटीनं निघून गेला होता. रखमाजींनी घोंगडं अंथरलं, बसा म्हणाले. चंद्राबाईंनी तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

बाजीराव कसाबसा म्हणाला, "चुकलं माझं."

"ल्हानपनी त्यानं डबा जरी वाजवला, तरी म्या हात धरायचो," रखमाजी म्हणाले. "पुण्यात खुर्चीवर बसून वाजवतो म्हनला, तवा म्हनलं, वाजव बाबा. तुमच्या वडलांचं काय न्हाई, ते जलमभर तसंच बोलत आले. तुमाला आमी त्याचा मित्र समजत हुतो."

बाजीरावाला मान वर करवेना. मग म्हातारा म्हणाला, "पानी घ्या."

पुण्याच्या खोलीत आनंदरावाच्या ताटातला घास उचलून खाणारा हा गडी. पण समोरच्या वाटेनं त्याचे चुलते देवळाकडं निघाले होते, आणि त्यांनी इकडंच पाहिलं. तहान नाही, असं पुटपुटत बाजीराव उठला. चंद्राबाईंनी तांब्या आत नेला.