आतून वाजलेलं दार

आधीच सांगून टाकते. या सदरात लोक असले अनुभव लिहितात तेव्हा खाली "पुरावा काय?" असं विचारणारी जी एक आगाऊ मुलगी असते ना, ती मी. एका काकांच्या अनुभवाखाली तर मी "झोप पूर्ण करा" एवढंच लिहिलं होतं. काका, वाचत असाल तर माफ करा. माझं मत बदललेलं नाही... पण माफ करा.

भूत, बाहेरचं, लागीर, यातलं मी काहीही मानत नाही. आजही नाही. कॉलेजपासून पत्रकं लिहिते आणि स्वतः उभी राहून वाटते. पालघर स्टेशनबाहेर, बोईसरच्या नाक्यावर, उमरोळीला. शाळांमध्ये जाऊन लिंबू-मिरचीची पार ऐशीतैशी केली आहे. त्यामुळे हे लिहिणं मला जड जातंय. पण माझे बाबा आत्ता समोर ओट्यावर बसून नारळ सोलतायत, आणि ते आज तिथे का बसू शकले याचं एक कारण मला अजून सापडलेलं नाही. उपकार घ्यायचे आणि तोंड मिटून बसायचं, हे आपल्याला जमत नाही. म्हणून लिहिते.

जागा नीट सांगते. केळव्याहून माहीमला जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमची छोटी वाडी आहे. बाबा मूळचे साताऱ्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं बोईसरला एका कारखान्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर आलेल्या पैशातून ही वाडी घेऊन चार कॉटेज बांधली. कॉटेज म्हणजे फार काही डोळ्यांसमोर आणू नका. एक खोली, मागच्या अंगाला बाथरूम, पुढे ओटा, वर कौलं. आजूबाजूला सुपाऱ्या, पलीकडच्या वाडीत पानवेल.

लोकांना वाटतं, थंडी म्हणजे आमची चांदी. शनिवार-रविवारी, हो. पण नवीन वर्षाची गर्दी ओसरली की होळीपर्यंत सोमवार ते गुरुवार इथे चिटपाखरू नसतं. गाद्या उन्हात टाका, चादरी धुवा, खाऱ्या हवेनं गंजलेल्या कड्यांना तेल घाला, बंद खोल्यांचा कोंदट वास घालवा, एवढंच काम. आणि फोन घ्या. "स्विमिंग पूल आहे का?" "नाही, समुद्र आहे." "अच्छा, मग नको." हा संवाद मी दिवसातून दोनदा करते. फारच खवट दिवस असेल तर "मडक्यात शिजवलेली उकडहंडी मिळेल, पण डीजे मिळणार नाही" हेही सांगते.

साफसफाईला आमच्याकडे जानकीमावशी येतात. माकुणसारच्या वरच्या अंगाला त्यांचा पाडा. पावसात स्वतःची भातशेती, बाकीचे महिने आमच्याकडे. कामाला वाघीण. पण त्यांची एक सवय मला पहिल्या दिवसापासून खटकायची. बंद खोली उघडायच्या आधी त्या दार वाजवायच्या. आत कोणी नाही हे माहीत असताना! बोटांच्या पेरांनी दोनदा — टक टक — मग जरा थांबून तळव्यानं एकदा. आणि वर "येते वो" म्हणायच्या. मगच किल्ली.

"मावशी, आत कोण आहे?"

"मला काय ठाव? जो असंल तो. पाल असंल, नाग असंल, आनखी कोनी असंल. खोली बंद व्हती तवर त्याचीच ना? सांगून जावा."

"नागाला कान नसतात."

"तुला हायत ना? मंग तू तरी आयक."

आता मी काय करायला हवं होतं? हसून सोडून द्यायला हवं होतं. पण मी पडले प्रबोधनवाली. एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी असं दार वाजवलं आणि त्या बाईंनी घाबरून विचारलं, "इथे काही आहे का?" झालं! मी मावशींना बजावलं, यापुढे दार वाजवायचं नाही. ही अंधश्रद्धा आहे, धंद्याचं नुकसान आहे, आणि माझ्या वाडीत चालणार नाही. 'माझ्या वाडीत' म्हणाले मी. माझी पाठ वळली की मावशी वाजवायच्या, मला माहीत होतं.

आता माझा पराक्रम सांगते, कारण तो लपवला तर बाकीचं लिहायचा मला अधिकार नाही.

डिसेंबरात एका पाहुण्यानं रिव्ह्यू टाकला होता. दोन नंबरच्या बाथरूमच्या झडपांतून गार वारा येतो, अंघोळ करताना कुडकुडायला होतं, दोन स्टार. मला राग आला. मग मी उपाय केला. एका मोहिमेची पत्रकं उरली होती, गठ्ठाच. त्यांच्या घड्या घालून झडपांच्या फटींत ठासल्या आणि वरून खाकी टेप मारली. वारा बंद. त्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे, आतच भिंतीवर लावलेला, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. पत्रकाचा मथळा काय होता सांगू? कारखान्यांच्या उग्र वासाविरुद्धचं पत्रक होतं ते. "श्वास आमच्या हक्काचा!" मथळा मीच दिला होता.

तो बुधवार. आई मामाकडे कराडला गेली होती. शनिवारी चारही खोल्यांचं बुकिंग होतं. सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "अंघोळ करून तसाच पालघरला जातो, सामान आणायचंय." मी हो म्हटलं आणि लॅपटॉप उघडून बसले. साडेदहापर्यंत त्यांचा आवाज नाही, म्हणजे गेले रिक्षानं, असं मी धरून चालले. प्रत्यक्षात ते गेले होते दोन नंबरमध्ये, त्यांच्याकडच्या किल्लीनं. तिथला गिझर पेटत नव्हता, म्हणून त्याचे सेल बदलले, आणि चालतो की नाही ते बघायला तिथेच अंघोळीला उभे राहिले. खोलीचं दार ओढलं की आपोआप कुलूप लागतं. चपला त्यांनी आत काढल्या, कारण बाहेर काढल्या की आमचं कुत्रं पळवतं. त्यामुळे बाहेरून काहीही कळायला जागा नव्हती.

अकराच्या सुमाराला मी आणि मावशी धुतलेल्या चादरी घेऊन निघालो. लख्ख ऊन होतं. शेजारच्या वाडीत पानवेलीला पाणी चाललं होतं, त्या पंपाचा भडभड आवाज. एक नंबर झाला. दोन नंबरच्या ओट्यावर चढलो आणि मावशींचा हात वर गेला. मी तो धरला. खरंच, मनगट धरलं.

"नाही वाजवायचं. काय ठरलं आपलं?"

"तू ठरवलंस. मी कुटं काय ठरवलं?"

"मावशी, किल्ली लावा आणि आत चला."

"न सांगता मी नाय जायची. तुजी खोली हाय, तू जा."

"मी जाते की! मी काय घाबरते?"

असं म्हणाले खरं, पण किल्ली त्यांच्या कमरेला, आणि त्या देईनात. मला इतका संताप आला! आता लिहिताना हसू येतंय. मी म्हणाले, "राहू दे. ही खोली शुक्रवारी उघडू. तोवर तुमचं डोकं थंड होईल." चादरी ओट्याच्या कट्ट्यावर आपटल्या आणि मी पायऱ्या उतरले. मावशीही माझ्यामागे उतरायला लागल्या.

शुक्रवारी. मी शुक्रवारी म्हणाले होते.

आणि दार वाजलं.

टक टक. जरा थांबून... एक थाप.

आतून.

मी गर्रकन वळले. पहिला विचार, मावशींनीच वाजवलं. पण मावशी दाराकडे पाठ करून दुसऱ्या पायरीवर उभ्या, दोन्ही हात पदराला पुसत. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. घाबरलेला नव्हता. आपल्याला कोणी हाक मारली की माणूस "ओ" द्यायच्या आधी जसा दिसतो, तसा.

"बग," त्या हळूच म्हणाल्या, "आपन नाय वाजवलं, तर त्यानं वाजवलं."

मी म्हटलं, चोर. किल्ली हिसकावून घेतली आणि दार उघडलं. दाराच्या मागे कोणी नाही. खोलीत कोणी नाही. पलंगावर बाबांचा शर्ट, खाली त्यांच्या चपला. मागून गिझरचा घुं आवाज आणि पाणी वाहत असलेलं. बाथरूमला आतून कडी. मी "बाबा, बाबा" ओरडतेय, उत्तर नाही. तिसऱ्या लाथेला ते प्लॅस्टिकचं दार निखळलं.

बाबा भिंतीला टेकून बसले होते, मान छातीवर. डोळे अर्धे उघडे, पण बघत नव्हते.

मी तिथे नुसती उभी राहिले. पत्रकं लिहिणारी, भाषणं ठोकणारी मी... नुसती उभी. मावशींनी मला बाजूला ढकललं, गिझर बंद केला आणि बाबांच्या काखेत हात घातले. "पाय धर! धर पाय! वाऱ्यात काड त्यांना!" आम्ही त्यांना ओढत ओट्यावर आणलं, त्याच धुतलेल्या चादरींवर आडवं केलं. मावशींनी बोंब मारली तशी पंप थांबला आणि शेजारचे दादा कुंपण ओलांडून धावत आले. त्यांनी टेम्पो काढला. पालघरला पोचेपर्यंत बाबांनी दोनदा उलटी केली, आणि दुसऱ्या वेळी शिवी दिली. त्या शिवीइतका गोड शब्द मी जन्मात ऐकलेला नाही.

डॉक्टर म्हणाले, गिझरचा गॅस नीट जळला नाही की विषारी वायू होतो, त्याला वासही नसतो. आणखी दहा-पंधरा मिनिटं गेली असती तर बोलायलाच नको. मग त्यांनी विचारलं, "बाथरूमला हवा यायला जागा नव्हती का?"

घरी आल्यावर टेप फाडली, पत्रकं काढली आणि बाबांसमोर नेऊन ठेवली. काय झालं ते सांगितलं आणि रडले. बाबांनी एक पत्रक उलगडून मथळा वाचला. म्हणाले, "जन्मभर कारखान्याचा धूर खाल्ला, त्यानं काय वाकडं केलं नाही. पोरीच्या कागदानं मारलं असतं की गं!" आणि हसले. मग म्हणाले, "भाषा चांगली आहे पण."

आता मुख्य मुद्दा. मी त्यांना विचारलं, दार तुम्ही वाजवलं का? म्हणाले, "मी कुठला वाजवतोय? डोकं गरगरलं म्हणून टेकलो. नळ बंद करायला हात उचलत होतो, तोही उचलेना. पुढचं काही आठवत नाही." आणि समजा वाजवलं असतंच, तरी ते बाथरूमचं दार वाजलं असतं. आम्ही ऐकलं ते बाहेरचं दार. सागवानी.

मी सोडणारी नाही. पुढचे तीन दिवस प्रयोग केले. मी बाथरूममध्ये जाऊन दार, भिंत, बादली सगळं बडवलं. मावशी ओट्यावर वाल सोलत बसायच्या आणि निकाल द्यायच्या. "ह्यां नाय. ह्यां भद वाजतंय, तवा टक वाजलं व्हतं." नळ सोडून पाइप थडथडतो का बघितलं. उन्हानं लाकूड तडकतं का, म्हणून दोन दिवस अकरा वाजता दारासमोर खुर्ची टाकून बसले. शेजारच्या दादांना पंप लावायला सांगितला, तर बाथरूममधली बडवाबडवी ओट्यावर ऐकूही येईना! उंदीर, सुतारपक्षी, कुत्र्याची शेपटी... सगळं तपासलं. दोनदा पेरांनी, थांबून एकदा तळव्यानं. असं काहीही वाजत नाही. असं फक्त एक बाई वाजवते, आणि ती माझ्यामागे पायरीवर उभी होती.

भास म्हणाल, तर दोघींना एकदम? 'भास कशावरून नव्हता?' हे एरवी इतरांना मीच विचारायचे. "आत कोणीतरी आहे" असंही मी म्हणणार नाही, कारण त्याचाही पुरावा नाही. माहीत नाही म्हणजे माहीत नाही. एवढं प्रामाणिक राहायला मी चळवळीतच शिकले.

गिझर आता सगळ्या खोल्यांचे बाहेरच्या भिंतीवर आहेत. झडपा उघड्या. ज्याला गार वारा लागेल त्याला सांगते, लागू द्या. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगते: बाकी काही मानू नका, पण आज उठून आपल्या बाथरूमची झडप बघा. गिझर आत असेल तर बाहेर हलवा.

मावशींची मी माफी मागितली. पायाला हात लावायला गेले तर त्यांनी पाय मागे घेतला. "चल, येडी." मग मी विचारलंच, "मावशी, खरं सांगा, कोण होतं ते?"

"मला काय ठाव? माजी वळख थोडीच हाय. मी आपली रोज त्याला सांगून जाते. त्यानं एक दिस मला सांगितलं." आणि वालाची टोपली उचलून गेल्या.

आता त्या सुट्टीवर असल्या की खोल्या मीच उघडते. आजूबाजूला कोणी नाही ना, ते आधी बघते, कारण अब्रूचा प्रश्न आहे. मग पेरांनी दोनदा, थांबून तळव्यानं एकदा. "येते हं" म्हणते आणि दाराला कान लावून उभी राहते. आतून काहीच येत नाही. म्हणजे आत सगळं ठीक आहे.

मग मी किल्ली फिरवते.