शेवटचं बोलायचा मान

तोआकाई माडावर चढला की गायचा. तेबुआ गावात सगळेच पुरुष नीरा काढताना गातात; वर माणूस आहे हे खालच्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. पण तोआकाईचा गळा असा फाटका की त्याची बायको तिरिबो खालून ओरडायची, "अहो, हळू! नीरा वरच नासायची." मग तो मुद्दाम आणखी वरचा सूर लावायचा.

तसं आयुष्यात त्याने फार मोठं काही केलं नाही. माड, अळूचे खड्डे, जाळं आणि घरभर पोरं. किरिबाटी हा त्यांचा बेटांचा देश स्वतंत्र झाला तेव्हा गावात झेंड्याला काठी नव्हती, तर यानेच एक सरळ माड पाडून, सोलून, गुळगुळीत करून दिला. झेंडा वर गेला. सगळं गाव झेंड्याकडे बघत होतं आणि हा आपला काठीकडे. "वाकडी नाही ना दिसत गं?" एवढंच त्याने तिरिबोला विचारलं होतं.

मान मात्र त्याच्या घराकडे एक होता, पिढ्यान्‌पिढ्यांचा. गावच्या सभाघरात, मानेआबात, प्रत्येक घराची जागा ठरलेली असते, आपापल्या खांबापाशी. केवड्याच्या पानांचं छप्पर इतकं खाली उतरलेलं की कितीही मोठा माणूस असो, वाकल्याशिवाय आत येता येत नाही. एकेक घर आपलं म्हणणं मांडतं. सगळ्यांचं झालं की शेजारच्या खांबाचा नाबुरा मान वळवून विचारतो, "दक्षिणेचा खांब काय म्हणतो?" दक्षिणेचा खांब म्हणजे तोआकाईचं घर. तो बोलला की विषय संपला. तोवर कुणी गप्प बसलं तर त्याचा अर्थ होकार नाही न् नकारही नाही; चूल अजून पेटलेली आहे, बोलणं शिजायचं आहे, एवढाच.

हा मान तोआकाईने जन्मभर दुसऱ्याच्या अळूत शिरलेल्या डुकरांवर आणि रुसलेल्या व्याह्यांवर खर्च केला. मोठा प्रश्न गावात आलाच नव्हता कधी.

मग एका परक्या देशाने गावाला नवं सभाघर बांधून दिलं. सिमेंटचं. उंच दारं, रांगेत खुर्च्या, पुढे स्टेज. बदल्यात काहीच मागितलं नाही. गाव हरखलं. तिरिबो म्हणाली, "फुकट दिलं? आपल्याकडे जावईसुद्धा फुकट मासा देत नाही."

मागणी आली ती वर्षभराने. गावासमोर समुद्रात प्रवाळाचा कडा आहे आणि त्या कड्यात एक अरुंद वाट. पौर्णिमेच्या सुमाराला त्या वाटेने मासा बाहेर अंडी घालायला जातो, झुंडीच्या झुंडी. तेबुआ गाव त्याच माशावर जगलंय. त्या देशाच्या पाहुण्यांना ती वाट सुरुंग लावून रुंद करायची होती, त्यांची मोठी जहाजं कड्याच्या आतल्या पाण्यात यावीत म्हणून. खासदार तिआओन, तोआकाईच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, म्हणाला, "गाव ठरवील. लोकशाही आहे."

सभेच्या सकाळी तोआकाईने धुतलेली लुंगी नेसली.

"काय बोलणार?" तिरिबोने विचारलं.

"नाही म्हणणार."

"नीट म्हणा. पाहुणे आहेत ते."

"नीटच म्हणतो की. एवढा एक शब्द, त्यात बिघडवायला जागा कुठाय?"

नव्या सभाघराचं दार दोन माणसं एकावर एक उभी राहतील इतकं उंच, तरी तोआकाई सवयीने वाकूनच आत शिरला. मागून पोरं फिसकन हसली. आत खांब नव्हतेच. त्याने दक्षिणेकडे बघितलं, तिथे पंखा होता. तिरिबोने पंख्याखालची खुर्ची त्याला दाखवली, तशी तो तिच्यावर बसला, चटईवर बसतात तशी मांडी घालून. नाबुरा सापडेना. तो मागे डबाबंद मांस आणि भात वाढायच्या गडबडीत होता; पाहुण्यांनीच आणलेलं जेवण.

पाहुणे स्टेजवर बसले. गावच्या रिवाजाप्रमाणे पोरींनी त्यांच्या गळ्यात फुलं घातली, मानेला पावडर लावली, अत्तर शिंपडलं. मोठ्या साहेबांना शिंका आल्या. लोक हसले, साहेबही हसले. माणूस काही वाईट नव्हता. मागे दोन झेंडे लावले होते आणि त्यांचा थोडा मोठा होता.

तिआओन माइकवर बराच वेळ बोलला. जेटी होणार, दवाखाना होणार, दिवे येणार. मग म्हणाला, "कुणाची हरकत असेल तर हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. ज्याच्या हातचं जेवायचं त्याच्यासमोर हात उगारल्यासारखा वर करायचा? आणि कुणाची पाळी पहिली तेच कुणाला कळेना. सगळं गाव गप्प बसलं. एकेक मान हळूहळू पंख्याकडे वळली. तोआकाई शब्द तोंडात घेऊन ताठ बसला होता. आता कुणीतरी विचारील. दक्षिणेचा खांब काय म्हणतो, एवढंच तर विचारायचं. न विचारता शेवटचा शब्द बोलणं म्हणजे सगळ्या गावाच्या तोंडावर हात ठेवणं. त्याच्या बापाने ते कधी केलं नव्हतं.

"कुणीच नाही?" तिआओन म्हणाला. "एकमताने!"

स्टेजवर टाळ्या झाल्या. टाळ्या ऐकून मागची पोरंही वाजवायला लागली. फोटो निघाले. नाबुरा भाताचं पातेलं घेऊन धावत आला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"अरे, मला विचारायचं होतं ना!" त्याचा आवाज रडका झाला.

"तुझी पाळी तरी कुठे आली होती?" तोआकाई म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाव जुन्या मानेआबात जमलं. वाकून आत आलं, आपापल्या खांबापाशी बसलं. प्रत्येक घर बोललं. नाबुराने मान वळवून विचारलं, "दक्षिणेचा खांब काय म्हणतो?"

"नाही म्हणतो," तोआकाई म्हणाला.

एवढा पक्का निर्णय त्या छपराखाली कधी झाला नसेल. तोआकाई तो सांगायला तिआओनकडे गेला.

"मामा, काल का नाही बोललात?"

"विचारलंस कुठे?"

"माइकवर विचारलं की, सगळ्यांदेखत!"

"ते हरकतीचं विचारलंस. मला कुठे विचारलंस? लहानपणी माझ्याच मांडीवर बसून ऐकायचास ना रे सभा?"

तिआओन खाली बघत राहिला. "माहीत आहे, मामा. पण कागद राजधानीला गेला. टाळ्यांचे फोटो गेले. आणि तो दवाखाना... ते मागे फिरले तर दुसरं कोण देणार आहे आपल्याला?"

स्वतंत्र झालेल्या देशाने औषधाची गोळी कुठून आणायची, हे तोआकाईला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तो उठला, दार उंच असूनही वाकला आणि बाहेर पडला.

सुरुंग भरदिवसा उडाले. आतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि कित्येक दिवस तसंच राहिलं. पौर्णिमा आली. बायका जाळी घेऊन किनाऱ्यावर उभ्या राहिल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या. पुढच्या पौर्णिमेला निम्म्याच गेल्या. जेटी झाली. दवाखान्याचा पाया खणला, त्यात पावसाचं पाणी साचलं आणि डुकरं लोळायला लागली.

नाबुरा एकदा येऊन म्हणाला, "पुढच्या सभेत मी तुझ्या शेजारीच बसेन. आधीच विचारीन."

"कशाचं विचारशील?" तोआकाई म्हणाला. "राहिलंय काय आता?"

तो अजून माडावर चढतो. नीरा तर काढावीच लागते. पण वरून गाणं येत नाही. तिरिबो खाली उभी राहून मान वर करते. झावळ्यांत काही दिसत नाही.

"अहो, आहात ना वर?"

बऱ्याच वेळाने वरून आवाज येतो, "आहे."

तिरिबो तिथेच बुंध्याला हात लावून उभी राहते, तो खाली उतरेपर्यंत.