सरकारी नणंद

घरात पाऊल टाकलं की त्या आधी चुलीपाशी जात आणि भांड्यावरचं झाकण उचलून आत बघत. जयभीम नंतर, पाणी नंतर, आधी झाकण.

"काय शिजवून राह्यली वं?"

माय सांगे, तुरीची डाळ. त्या मान हलवत, झाकण ठेवत आणि मग कोपऱ्यातली, आमच्याकडे सांभाळायला ठेवलेल्या बेबीची थाळी उचलून बघत. आमच्या थाळ्यांसारखीच आहे ना, वेगळी तर नाही ना, हे त्यांना पाहायचं असे.

वाशिमहून गाडीनं ये-जा करणाऱ्यांपैकी तुम्ही कोणी असाल, तर त्यांना पाहिलं असेल. उंच, किंचित वाकलेल्या, सुती पातळ, खांद्याला कातड्याची पिशवी. आणि ऊन असो नसो, हातात पुरुषांची असते तसली मोठी काळी छत्री. त्यांचा हुद्दा लांबलचक इंग्रजी होता. तो बायकांच्या तोंडात बसेना. मग कोणीतरी नाव पाडलं, सरकारी नणंद. नणंद येऊन भांडी उघडते, चुका काढते, आणि तिला कोणी काही बोलू शकत नाही. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. त्या म्हणत, "निस्ती नणंद तं घरचेच घाबरतात. सरकारी म्हटल्यावर गाव घाबरते."

आम्ही खरंच घाबरत होतो. मी तर फार. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे सरकारचं काहीही आलं की सगळे माझ्याकडे बघत, आणि मला काहीच कळलेलं नसे.

त्यांचं काम थोडक्यात असं होतं. ज्या लेकराच्या आईबापाला काही काळ त्याला सांभाळणं जमत नाही, त्याला सरकारी बालगृहात न ठेवता एखाद्या चांगल्या कुटुंबात ठेवायचं. आणि तेवढ्या काळात त्याच्या आईबापाला पुन्हा पायावर उभं करायचं, म्हणजे लेकरू परत आपल्या घरी जाईल. आमच्याकडे बेबी आली ती अशी. तिची आई पार्वती धनज गावची. नवरा वारलेला. तिला क्षय झाला आणि ती दवाखान्यात गेली. बेबी तेव्हा जेमतेम चालू लागली होती. माझ्या पाठची बहीण तापानं गेली, तेव्हा तीही एवढीच होती.

बेबीला मायच्या मांडीवर ठेवताना त्यांनी एकच अट घातली. "हे पोरगी मामाच्या घरी आली हाय, असं समजा. हे मामा, तू मामी. माय म्हणू देजो नोको. माय तिची दवाखान्यात हाय."

"बरं," माय म्हणाली.

"मंग तिची माय तुह्यी कोण झाली?"

माय म्हणाली, "नणंद."

"हां. बरी झाली का येईन ते, माहेरी आल्यावानी. मी खोटी नणंद. खरी थे."

महिन्यातून एकदा त्या वाशिमच्या एका शाळेच्या ओसरीवर सगळ्यांना बोलवत. ज्यांची लेकरं दुसरीकडे होती त्या बायका, आणि ज्यांच्याकडे ती लेकरं होती त्या बायका, एकाच सतरंजीवर. आधी त्या दोन टोकांना बसत. बाई त्यांना उठवून मिसळून बसवत आणि विचारत, "कोणाले कायचं भेव वाटते, थे आधी सांगा. बाकी मंग पाहू."

कोणी बोलत नसे. एकदा अनसिंगची एक म्हातारी म्हणाली, "मले तं बाई, तुमचंच भेव वाटते."

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. "मंग बरं हाय. एक तरी खरं बोलली."

त्यानंतर हळूहळू एकेकीचं तोंड उघडलं. एकीला भीती होती, आपण निघालो की पोरगं रडेल याची. दुसरीला भीती होती, ते रडणारच नाही याची. मायची पाळी आली, तेव्हा माय म्हणाली, "मले कायचंच भेव नाई." बाई तिच्याकडे बघत राहिल्या. 

माय खोटं बोलत होती. बेबी तिला केव्हापासून मायच म्हणत होती. स्टेशनाच्या वाटेवर काळी छत्री दिसली की माय बेबीला कडेवर घेई, बोट छत्रीकडे करी आणि तिच्या कानात सांगे, "मामी म्हण. बोल, मामी." बेबी छत्रीकडे बघत म्हणे, "मामी." बाई गेल्या की पुन्हा माय. मी एकदा भीत भीत म्हटलं, "माय, हे बरं नाई." ती म्हणाली, "तू तुह्यं कॉलेज शिक."

मग एके दिवशी वाशिमच्या कॉलेजातून परतताना गाडीत बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. पार्वती बरी झाली होती. आता तिच्यापासून कोणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "रविवारी आणते तिले. मायले सांगजो." आमचं जऊळका आलं तशी मी उतरले.

मी घरी सांगितलं तेव्हा माय ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं नाही. बाबा रेल्वेत गँगमन. ते एवढंच म्हणाले, "सरकारचं लेकरू हाय. द्याच लागीन."

रविवारी सकाळी उठून पाहिलं, तर माय बेबीच्या झबल्यांचं गाठोडं बांधत होती. "अकोल्याले जाते, बहिणीकडे," ती म्हणाली. बाई नेहमी दुपारच्या गाडीनं येत, म्हणून तिनं सकाळची गाडी धरली होती. बाबा म्हणाले, "पोलीस येतीन, वं. माह्यी नोकरी जाईन." माय केव्हाच बाहेर पडली होती. मी तिच्या मागे पळाले. पायांत चप्पल नव्हती, हे स्टेशनात पोहोचल्यावर कळलं.

"माय, घरी चाल. माय, पाया पडते." ती ऐकत नव्हती. ती रुळांकडे बघत होती. बेबी मजेत होती; तिला गाडीत बसायचं होतं.

गाडी आली. बायकांच्या डब्याचं दार आमच्यासमोरच थांबलं. त्यातून आधी काळी छत्री खाली आली.

मागून बाई उतरल्या, आणि त्यांचा हात धरून एक किडकिडीत बाई, पार्वतीच असणार. मला तेव्हा वाटलं, सगळं संपलं. आता बेबी जाणार, बाबांची नोकरी जाणार, माझं कॉलेज जाणार. मायचा हात मी सोडला नाही.

बेबीनं छत्री पाहिली आणि तिला शिकवलं होतं तेच केलं. दोन्ही हात पसरून ती बाईंकडे झेपावली. "मामी! मामी!"

बाई जागच्या जागी थांबल्या. "मी मामी?" त्यांनी मायकडे बोट केलं. "मंग हे कोण?"

"माय," बेबी म्हणाली.

त्या किडकिडीत बाईनं ते ऐकलं. ती फलाटावर खालीच बसली. रडली नाही, काही नाही. नुसती बसली.

गाडीनं शिट्टी दिली. माय चढली नाही. बाईंची नजर गाठोड्यावर गेली. त्या पुढे आल्या, आणि घरी झाकण उचलत तसं त्यांनी गाठोडं सोडून आत पाहिलं. झबली होती. दुधात कुस्करलेल्या भाकरीचा एक डबा होता. मायचं स्वतःचं काहीच नव्हतं, एक लुगडंसुद्धा नाही. बाई त्या डब्याकडे बराच वेळ बघत होत्या. स्टेशनमास्तर दारात येऊन उभे होते, हमाल बघत होते.

मग बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "काय वं, नणंदेले घ्यायले स्टेशनावर आली? अन् शिदोरीबी आणली!"

  मायनं कसंबसं म्हटलं, "हो."

बाई जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "भेव वाटते?"

"हो, बाई," माय म्हणाली. "लय."

"मंग बरं हाय. उठव तुह्या नणंदेले. घरी चाला."

बेबी त्या दिवशी गेली नाही. पार्वतीच आमच्याकडे राहिली, माहेरी आल्यासारखी. तिचा जीव मुठीत असे. बेबी तिला 'थे बाई' म्हणे आणि तिच्या हातचं खात नसे. माय बेबीला कडेवर घेई, बोट पार्वतीकडे करी आणि कानात सांगे, "माय म्हण. बोल, माय." मामी म्हणायला शिकवलं होतं त्याच आवाजात. मला ते ऐकवत नसे. मी पुस्तक घेऊन अंगणात जाऊन बसत असे.

एका दुपारी बेबी ठेचकाळून पडली आणि ओरडली, "माय!" दोघींनीही एकदम मान वर केली. आमची माय अर्धी उठली होती. मग ती खाली बसली आणि पुन्हा ज्वारी निवडू लागली. पार्वती धावली.

शेवटी बेबीला आणि पार्वतीला धनजला पोहोचवून बाई आणि मी गाडीनं वाशिमला परतत होतो. मी धीर करून विचारलं, "बाई, तुमाले कायचं भेव वाटते?" हे त्यांना कोणीच कधी विचारलं नव्हतं, असं वाटतं.

त्या छत्रीच्या मुठीशी चाळा करत राहिल्या. "कोणाचंबी लेकरू रडलं ना, पोरी, का मले भेव वाटते. वाटते का, यालेबी मीच कुठं धाडलं असंन." डब्याच्या त्या टोकाला एक तान्हं रडत होतंच. त्या उठून बघायला गेल्या.

पुढं त्यांची बदली झाली. कुठं, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. आता एक साहेब येतात. शेजारी दुसरं एक लेकरू ठेवलं आहे, त्याची चौकशी करायला. अंगणात खाटेवर बसतात, चहा घेतात, जातात. परवा ते गेल्यावर माय म्हणाली, "यानं झाकणच उघडलं नाई वं," आणि शेजारच्या चुलीपाशी जाऊन तिनं स्वतःच झाकण उचलून पाहिलं.

सुट्टीत बेबी आणि पार्वती आमच्याकडे येतात. बेबी आमच्या मायला 'जऊळक्याची माय' म्हणते. मामी हे नाव मात्र तिनं दुसऱ्या कोणालाच दिलं नाही.

मागच्या खेपेला त्यांना गाडीत बसवायला मी स्टेशनावर गेले होते. फलाटाच्या पलीकडच्या टोकाला, उन्हात, एक काळी छत्री उभी होती. बेबी माझा हात सोडून पळाली. "मामी! मामी!"

छत्री वळली. खाली कोणी अनोळखी गृहस्थ होते.