बारा पायऱ्यांची नोटीस

वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आमच्या घरात तोंडी सांगितलेल्या गोष्टीला काडीची किंमत नव्हती. शाळेच्या सहलीची परवानगीसुद्धा मी त्यांच्याकडे अर्ज करून मिळवलेली आहे. त्यांची दिल्लीहून नागपूरला बदली झाली तेव्हा माझं कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष उरलं होतं, म्हणून नोएडात एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली. सेक्टर नवा होता. निम्मे प्लॉट रिकामे आणि उरलेल्यांवर विटांचे ढीग.

खाली घरमालक अंकल आणि आंटी राहत. अंकल निवृत्त शाळामास्तर. दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलजवळ तीस वर्षं भाड्याच्या जागेत काढल्यावर हे त्यांचं पहिलं स्वतःचं घर. खोली भाड्याने द्यायला ते घाबरत होते, कारण त्यांच्या साडूच्या घरात एक भाडेकरू पंधरा वर्षं ठाण मांडून बसला होता आणि कोर्टाच्या तारखा संपत नव्हत्या. त्यात वर्तमानपत्रांत सतत नव्या भाडेकायद्याची चर्चा. तो कायदा दिल्लीपुरता आहे, नोएडा उत्तर प्रदेशात येतं, हे कितीदा सांगितलं तरी अंकलना पटत नसे. शिक्षण संपलं की विद्यार्थिनी निघून जाते, एवढ्याच भरवशावर त्यांनी मला ठेवलं होतं.

अकरा महिन्यांचा करार झाला आणि दोन महिन्यांत आम्ही तो विसरूनही गेलो. मला टायफॉइड झाला तेव्हा आंटींनी वीस दिवस खिचडी करून वर आणली. रविवारी कढीचा वाडगा तर ठरलेलाच.

मग मला पुण्यात नोकरी लागली. खाली जाऊन सांगायच्या आधी मी एसटीडी बूथवरून वडिलांना फोन केला, तिथेच चुकलं. कराराची प्रत त्यांच्याकडे होतीच. एक महिना आधी लेखी नोटीस द्यायची, असं कलम त्यांनी वाचून दाखवलं. विषय, संदर्भ यांसकट मसुदा फोनवरच सांगितला. नोटीस रजिस्टर पोस्टाने, पोचपावती जोडून पाठव आणि ती पोचेपर्यंत तोंडाने काही बोलू नकोस, असंही बजावलं. वडिलांपुढे माझी अक्कल नेहमीच गहाण पडायची. मी मुकाट्याने पोस्टात गेले. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच होता, फक्त मजला वेगळा.

दोन-तीन दिवसांत खालचं दार बंद राहू लागलं. रविवारी कढी आली नाही. मी बाल्कनीतून नमस्ते म्हटलं की अंकल वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. मला वाटलं, मी जाणार म्हणून रुसलेत. वाईट वाटलं आणि, खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

दहा-बारा दिवसांनी पोस्टमनने तेच पाकीट माझ्या हातात आणून ठेवलं. वर शेरा होता, ‘लेने से इन्कार’. पाकीट फोडलेलंच नव्हतं. म्हणजे मी जाणार हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग रुसवा कसला, ते कळेना. वडिलांना फोन केला तर ते खूश.

“घ्यायला नकार दिला म्हणजे कायद्याने नोटीस पोचली,” ते म्हणाले. “तू सुटलीस.”

मला त्यांचा भयंकर राग आला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तो बोलून दाखवला. मग पाकीट घेऊन खाली गेले.

दार आंटींनी उघडलं. त्यांचे डोळे सुजले होते. आत अंकलच्या समोर आमचा करार आणि कुणा वकिलाचं कार्ड पडलं होतं. माझ्या हातातलं पाकीट पाहून ते उठून उभे राहिले. पासष्टीचा मास्तर माझ्यासारख्या पोरीसमोर उभा राहिला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रजिस्टरने आलेलं पत्र म्हणजे कोर्ट, हे ते साडूच्या घरी शिकले होते. ही मुलगी आता खोली सोडत नाही, घर हातचं गेलं, असं धरून दोघं इतके दिवस झोपेविना होते.

मी पाकीट फोडून कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि सावकाश खुर्चीत बसले.

“बेटा,” ते म्हणाले, “सीढ़ियाँ बारह ही तो हैं।”

मला इतकी लाज वाटली की रडूच आलं. आंटींनी पाणी दिलं. अंकलनी कागदावर तारीख घालून ‘मिल गया’ लिहिलं आणि खाली सही केली. मी डोळे पुसून म्हटलं, आता बिल्कुल काळजी करू नका, एक तारखेला खोली रिकामी मिळेल.

अंकलनी मान हलवली. कागदाची नीट घडी घातली, ती पुन्हा उलगडली.

“अच्छा,” ते म्हणाले. “लेकिन जा क्यों रही हो?”